धुतलेल्या भाजीवरही जिवाणू का उरतात? शेतापासून ताटापर्यंत घ्यायची काळजी

कोबीचं बाहेरचं एक पान घ्या आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात हळूच बुडवा. बाजूने पाहिलंत तर पान चांदीचा मुलामा दिल्यासारखं चकाकताना दिसेल. ती चकाकी म्हणजे पान आणि पाणी यांच्यामध्ये अडकलेला हवेचा पातळ थर. पानावर मेणाचा लेप असतो, त्यामुळे पाणी त्याला धरूनच राहत नाही. पान बाहेर काढा, पाण्याचे मणी घरंगळून जातात आणि पान जवळपास कोरडंच हातात येतं. पाण्यातून काढलं म्हणून आपण ते धुतलं असं समजतो. प्रत्यक्षात बऱ्याच भागाला पाणी लागलेलंच नसतं.

भाजीवरच्या जिवाणूंबद्दल बोलताना मला नेहमी या पानापासूनच सुरुवात करावीशी वाटते. 'स्वच्छ धुऊन घ्या' एवढा एकच सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि त्याच्यावर आपण गरजेपेक्षा जास्त विसंबतो. धुणं आवश्यकच आहे. पण ते साखळीतलं एक कडं आहे आणि सर्वांत मजबूत कडं तर नक्कीच नाही. जिवाणू भाजीवर तग कसा धरतात हे एकदा नीट समजलं की कोणती काळजी कधी घ्यायची हे आपोआप सुचत जातं. म्हणून आधी ते समजून घेऊ.

भाजीवर ते येतात कुठून

पोट बिघडवणारे बहुतेक जिवाणू मूळचे आतड्यांतले. ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार प्रामुख्याने गुराढोरांच्या आतड्यात असतो आणि त्याने गुरांना काहीच त्रास होत नाही. साल्मोनेला पक्षी, सरपटणारे प्राणी, जनावरं अशा अनेकांत सापडतो. शिगेला माणसाकडून माणसाकडे जातो. लिस्टेरिया मात्र मातीत, कुजक्या पाल्यात आणि ओलसर जागेतही राहतो. कच्चं शेणखत, दूषित पाणी, शेतात शिरलेलं जनावर, तोडणी करणाऱ्याचे हात, भाजी धुण्याचं सामाईक पाणी, बर्फ, क्रेट यांपैकी कुठूनही ते भाजीवर येऊ शकतात.

२००६ साली अमेरिकेत पालकातून ओ१५७ची मोठी साथ आली. २६ राज्यांत मिळून सुमारे २०० लोक आजारी पडले आणि किमान तिघांचा जीव गेला. तपास कॅलिफोर्नियातल्या शेतांपर्यंत पोचला, तेव्हा नेमका तोच जिवाणू आसपासच्या नदीच्या पाण्यात, गुरांच्या शेणात आणि रानडुकरांमध्येही सापडला. तो पालक धुतलेला होता, पिशवीत बंद होता आणि दिसायला ताजा टवटवीत होता. दूषित भाजीला वास येत नाही, डाग पडत नाही, चवही बदलत नाही.

पानावर ते तग कसा धरतात

आतड्यातल्या जिवाणूसाठी पान ही खरं तर वाईट जागा. आतड्यात ऊब, ओल आणि भरपूर अन्न. पानावर ऊन, वारा, कोरडेपणा आणि खायला जवळजवळ काही नाही. त्यामुळे पानावर पडलेले बहुसंख्य जिवाणू काही दिवसांत मरतात. अडचण उरलेल्यांची असते. एका प्रयोगात शेतातल्या पिकाला मुद्दाम ओ१५७ सोडलेलं पाणी दिलं, तर लेट्यूसवर तो ७७ दिवसांपर्यंत आणि पार्सलीवर १७७ दिवसांपर्यंत सापडत राहिला. म्हणजे पीक काढणीला येईपर्यंत.

हे उरलेले राहतात कुठे, हे पाहण्यासाठी पालकाचं पान उलटं करून उजेडात धरा. शिरांच्या दोन्ही बाजूंना बारीक खोबणी दिसतात. तिथे दव आणि पाणी जास्त वेळ टिकतं, ऊन कमी लागतं आणि पानातून झिरपणारी किंचित साखरही मिळते. डोळ्यांना न दिसणारी दुसरी जागा म्हणजे पर्णरंध्रं, पान ज्यांतून श्वास घेतं ती छिद्रं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये ती हजारोंनी असतात आणि उघडं रंध्र जिवाणूपेक्षा कितीतरी मोठं असतं. लेट्यूसवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की साल्मोनेला उजेडात उघडलेल्या रंध्रांकडे पोहत जातो, कारण प्रकाशात पान साखर तयार करत असतं आणि तिचा माग त्याला लागतो. एकदा आत शिरला की वरून कितीही पाणी ओता, त्याला ते पोचत नाही.

जे वरच राहतात तेही नुसते पडून नसतात. त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांनी ते पानाला पकडून ठेवतात. मग स्वतःभोवती चिकट पदार्थाचा थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. तुंबलेल्या मोरीच्या जाळीला हात लावला की जो बुळबुळीतपणा लागतो, ती बायोफिल्मच. पानावर ती इतकी पातळ असते की जाणवत नाही, पण तिच्याआड बसलेला जिवाणू कोरडेपणा आणि क्लोरीन दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. पानावर आधीपासून राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंनी अशी वस्ती केलेली असतेच. आपला पाहुणा कित्येकदा तयार वस्तीतच शिरतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या हातात आहे. अखंड पान म्हणजे कुलूप लावलेलं कोठार. पान चिरलं, दुमडलं, चेंगरलं की पेशी फुटतात आणि आतला रस बाहेर येतो. आजवर उपाशी असलेल्या जिवाणूला एकदम पंगत मिळते. लेट्यूसवर ओ१५७ सोडून उबदार तापमानात ठेवलं, तर ४ तासांत अखंड पानांवर त्याची संख्या सुमारे दुप्पट झाली आणि बारीक चिरलेल्या पानांवर सुमारे ११ पट. सुरीने एवढा फरक पडतो. सडण्याचंही असंच. ज्या भाजीला मऊ कुजरा रोग लागलेला असतो, तिच्यावर साल्मोनेला निरोगी भाजीपेक्षा जास्त वेळा आढळतो, कारण कुजवणारे जिवाणू भाजीच्या पेशी फोडून त्याची सोय करून ठेवतात.

धुण्याचा हिशेब

वाहत्या पाण्याखाली चांगलं चोळून धुतलं तर साधारण ९० ते ९९ टक्के जिवाणू जातात. ऐकायला हे फार छान वाटतं. पण समजा पानांवर १०,००० जिवाणू होते आणि ९९ टक्के गेले, तरी १०० उरले. ओ१५७ किंवा शिगेलाला माणूस आजारी पाडायला १०० पुरतात, कधी त्याहूनही कमी. साल्मोनेलाला सहसा जास्त लागतात, म्हणून तिथे धुण्याचा फायदा ठळक दिसतो. म्हणजे धुण्याने धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. शून्याच्या जवळ नेते ती उष्णता. अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोचलं की हे जिवाणू मरतात, रंध्रात लपलेलेसुद्धा.

हे डोक्यात ठेवून आता पायऱ्या पाहू.

पायरी १ : निवडताना

चिरलेली, फाटलेली, देठाशी काळी पडलेली, बुळबुळीत भाजी घेऊ नका. सोलून किंवा कापून ठेवलेली भाजी थंड ठेवलेली असेल तरच घ्या. पिशवीत कच्चं मांस किंवा मासे असतील तर भाजी त्यापासून वेगळी ठेवा. नुसतं शेजारी ठेवायचं नाही, तर वेगळ्या पिशवीत आणि वरच्या बाजूला, कारण गळलेलं पाणी खालीच जातं. कापडी पिशव्या वेळोवेळी धुवा.

पायरी २ : घरी आणल्यावर

मी कित्येक वर्षं जुडी घरी आली की लगेच धुऊन ओलीच पिशवीत बांधून ठेवत असे. काम आधीच उरकून ठेवल्याचं समाधान वाटायचं. तिसऱ्या दिवशी मधली पानं काळपट आणि चिकट झालेली असायची आणि दोष मी भाजीला द्यायचे. दोष माझ्या पद्धतीचा होता. अडकलेलं पाणी आणि कोंडलेली हवा म्हणजे कुजवणाऱ्या आणि आजारी पाडणाऱ्या, दोन्ही जिवाणूंची सोय.

म्हणून साठवण्याआधी भाजी फक्त निवडा. रबर किंवा दोरा काढून जुडी मोकळी करा, पिवळी-सडकी पानं आणि मुळांची माती काढून टाका, कोरड्या कापडात किंवा कागदात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. धुणं वापराच्या वेळी. आधीच धुवायची असेल, तर ती पूर्ण सुकवण्याची तयारी हवी.

फ्रिजचं तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा. या थंडीत ई. कोलाय आणि साल्मोनेला वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, नुसते थांबतात. लिस्टेरिया मात्र फ्रिजच्या तापमानातही सावकाश वाढत राहतो. तेव्हा 'फ्रिजमध्ये आहे, कितीही दिवस चालेल' हे खरं नाही. भाजीच्या कप्प्यात तळाशी साचलेलं पाणी आणि पानांचे तुकडे दर आठवड्याला काढून तो कप्पा साबणाने धुऊन कोरडा करा. लिस्टेरियाला तीच जागा आवडते.

पायरी ३ : धुताना

आधी हात. साबणाने निदान २० सेकंद. मग सिंक आणि भांडं, कारण घरातल्या सिंकच्या तळाशी बऱ्याचदा भाजीपेक्षा जास्त जिवाणू असतात. म्हणून भाजी थेट सिंकमध्ये पसरू नये.

पालेभाजीच्या जुडीला अखंड धुण्यात अर्थ नाही. पानं सुटी करा. माती जास्त असेल तर आधी मोठ्या भांड्यातल्या पाण्यात हलवा आणि पानं वर उचलून घ्या. भांडं ओतलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत हे करा आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली थोडी थोडी पानं धरून दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच चोळा. जिवाणू सुटतात ते या घासण्याने आणि धारेने. नुसतं भिजत ठेवलं तर एका पानावरचे सगळ्यांना वाटले जाण्याची शक्यताच जास्त. कोबी आणि लेट्यूसच्या गड्ड्याची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका.

गाजर, काकडी, बटाटा, मुळा यांना स्वच्छ ब्रशने घासा, सालं काढायची असली तरी. सालावरून फिरलेली सुरी तेच जिवाणू आतल्या गरात नेते. खरबुजासारख्या खरखरीत सालीच्या फळांना तर हे फार लागू आहे. २०११ साली अमेरिकेत खरबुजातून लिस्टेरियाची साथ आली होती आणि तिच्यात ३३ लोक दगावले. ते साल कोणी खाल्लं नव्हतं.

टोमॅटोसाठी एक खास सूचना. टोमॅटोच्या सालीला रंध्रं नसतात, पण देठ निघाला की तिथे एक खरबरीत, फिकट वर्तुळ उरतं. पाणी आत शिरायची वाट तीच. उन्हातून आलेला गरम टोमॅटो गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि त्या वर्तुळातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, जिवाणूंसकट. म्हणून टोमॅटो बुडवून ठेवू नका. खोलीच्या तापमानाला आले की थेट नळाखाली धुवा आणि चिरताना ते देठाचं वर्तुळ काढून टाका.

मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, साबण यांबद्दल नेहमी विचारलं जातं. मिठाच्या पाण्याने किडे आणि अळ्या बाहेर येतात, त्यासाठी ते जरूर वापरा. जिवाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. व्हिनेगरच्या पाण्याने जिवाणू थोडे जास्त कमी होतात, तरी रंध्रातले आणि बायोफिल्ममधले उरतातच. सोडा जिवाणूंसाठी भरवशाचा नाही. साबण, डिटर्जंट आणि कपड्यांचं ब्लीच भाजीला लावू नका. भाजी ते शोषून घेते आणि मग त्यानेच पोट बिघडतं. पिण्यायोग्य वाहतं पाणी आणि बोटांची मेहनत यांना तोड नाही. नळाच्या पाण्याचा भरवसा नसेल तर कच्च्या खायच्या भाजीसाठी उकळून गार केलेलं पाणी वापरा. दूषित पाण्याने धुणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

धुतल्यावर रोळीत निथळू द्या आणि स्वच्छ कोरड्या कापडाने टिपा. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट बहुतेक जण गाळतात. टिपण्याने उरलेले आणखी काही जिवाणू कापडावर जातात आणि वाढीला लागणारं पाणीही कमी होतं. कापड मात्र त्याच कामाचं हवं, ओटा पुसायचं नव्हे.

'धुतलेली, खाण्यास तयार' असं लिहिलेली बंद पिशवी असेल तर ती घरी पुन्हा धुऊ नये असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. आत शिरलेले त्याने निघत नाहीत, उलट आपल्या सिंकमधले नवे लागू शकतात. तारीख पाहा, थंड ठेवा, पिशवी फुगली किंवा आत पाणी सुटलं असेल तर टाकून द्या.

पायरी ४ : चिरताना आणि नंतर

ज्या पंगतीबद्दल वर लिहिलं ती इथे सुरू होते. म्हणून कच्ची खायची भाजी शक्य तितक्या उशिरा चिरा. सुरी धारदार असू द्या, कारण बोथट सुरी पेशी चेंगरते आणि रस जास्त सुटतो. मांस-मासे कापायचा बोर्ड वेगळा ठेवा. एकच असेल तर आधी कच्ची खायची भाजी चिरून बाजूला करा आणि मांस शेवटी.

चिरलेली भाजी बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. लगेच खायची नसेल तर झाकून फ्रिजमध्ये. चिरलेला टोमॅटो आंबट असतो म्हणून सुरक्षित, असा एक समज आहे. पण साल्मोनेला चिरलेल्या टोमॅटोतही चांगला वाढतो. सकाळी चिरून दुपारपर्यंत ओट्यावर राहिलेलं सॅलड दुपारी धुऊन सुधारत नाही. त्याची भाजी करा किंवा टाकून द्या.

पायरी ५ : मोडांना वेगळा नियम

मोड आलेली धान्यं आणि कोवळे अंकुर यांना मी बाकीच्या भाज्यांत धरतच नाही. मोड येण्यासाठी आपण बियांना ऊब देतो, ओल देतो, झाकून ठेवतो आणि दोन-चार दिवस थांबतो. जिवाणूंना वाढवायचं असतं तरी याहून वेगळं काही केलं नसतं. बियांच्या सालीतल्या बारीक भेगेत बसलेले मोजके जिवाणू या काळात लाखोंवर जातात आणि त्यांतले काही अंकुराच्या आतही असतात.

२०११च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत ई. कोलायच्या ओ१०४:एच४ या प्रकाराची साथ सुरू झाली. जवळपास ४,००० लोक आजारी पडले, ८००हून अधिक जणांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आणि ५०हून जास्त मृत्यू झाले. सुरुवातीला संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. शेवटी माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. बी इजिप्तहून आलं होतं आणि त्याच बियांच्या मोडांनी फ्रान्समध्ये बोर्दोजवळही लोक आजारी पडले होते. १९९६ साली जपानमधल्या साकाई शहरात शाळकरी मुलांमध्ये ओ१५७ची प्रचंड साथ आली, तेव्हाही संशय मुळ्याच्या अंकुरांवर गेला होता.

तेव्हा मोड शिजवून खा. नुसता वरून गरम पाण्याचा हबका नव्हे, आतपर्यंत वाफ जायला हवी. मोडांतले काही पोषक घटक उष्णतेने कमी होतात हे खरं, पण बरेचसे शिल्लक राहतात. गर्भवती, पाच वर्षांखालची मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना कच्चे मोड देऊच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरात असं कोणी असेल तर पालेभाज्याही त्यांना शिजवूनच वाढाव्यात. पालकाला कडकडीत वाफ देऊन तो पूर्ण मऊ पडला की काम झालं.

पायरी ६ : घरी पिकवत असाल तर

स्वतःच्या कुंडीतली भाजी आपोआप सुरक्षित ठरत नाही. ताजं शेण किंवा कोंबडीखत उभ्या पिकाला घालू नका. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. खाण्याचा भाग मातीला लागत नसेल तर ९० दिवसांचं. खत नीट कुजताना ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापायला हवा आणि तो अधूनमधून वरखाली करायला हवा, नाहीतर कडेचा भाग थंडच राहतो. पाणी पानांवर फवारण्यापेक्षा मुळाशी द्या. पानं कोरडी राहिली की मातीचे शिंतोडेही वर उडत नाहीत. कुत्री-मांजरं आणि कबुतरं वाफ्यात येऊ देऊ नका.

पायरी ७ : एवढं करूनही कोणी आजारी पडलं तर

आपण पहिला संशय घेतो तो आदल्या जेवणावर आणि तो बऱ्याचदा चुकतो. साल्मोनेलाचा त्रास ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतो, ओ१५७चा साधारण ३-४ दिवसांनी, तर लिस्टेरियाचा काही आठवड्यांनीसुद्धा.

पाणी, क्षार-साखरेचं पाणी किंवा ओआरएस लगेच सुरू करा. जुलाबात रक्त दिसलं, ताप चढला, पाणीही पोटात टिकेना, लघवी कमी झाली किंवा रुग्ण लहान मूल अथवा गर्भवती असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. घरात उरलेलं अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. ओ१५७सारख्या संसर्गात दोन्हींमुळे प्रकृती बिघडू शकते. या जिवाणूचं विष मूत्रपिंडांवर हल्ला करतं ते जुलाब सुरू झाल्यानंतर साधारण आठवड्याभराने, अनेकदा पोट बरं वाटू लागल्यावर. म्हणून जुलाब थांबले तरी मूल फिकट, मलूल दिसत असेल आणि लघवी कमी होत असेल तर पुन्हा दाखवा. डॉक्टरांना कालच्या जेवणाबरोबर मागच्या दहा दिवसांत कोणती भाजी, मोड किंवा फळं कच्ची खाल्ली आणि ती कुठून आणली होती, हेही आठवून सांगा.